साखर परत करणारी टोपली

मित्रांनो, टोपली डूख धरते असं तुम्ही कुठे ऐकलं नसेल. मी धरते. मी खजुराच्या पातीची, बुडाला तारेचे टाके घातलेली जुनी टोपली आहे. अलेक्झांड्रियाच्या कर्मूझ भागात, तिसऱ्या मजल्याच्या सज्जाला दोराने टांगलेली असते. आमच्याकडे घराघरांतून अशी टोपली खाली सोडतात. खालचा दुकानदार मागवलेलं सामान तीत ठेवतो आणि वरची बाई दोर ओढून घेते. माझं सारं आयुष्य या खाली-वर करण्यात गेलं. त्या आयुष्यात एक माणूस असा भेटला की त्याला मी कधीही माफ करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला फय्यूमच्या एका बाईने विणलं. तिच्या अंगठ्यांना चिरा पडलेल्या होत्या. पात पाण्यात भिजवायची, दातांत धरून फाडायची आणि विणता विणता शिव्या द्यायची, सासूला, नवऱ्याला आणि सगळ्यांत जास्त टोपल्या नेणाऱ्या व्यापाऱ्याला. माझा स्वभाव असा का झाला, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

बाजारातून मला शहाता नावाच्या हमालाने उचललं. तो बंदरावर कापसाच्या गाठी वाहायचा. मूळचा सईदचा, म्हणजे वरच्या इजिप्तचा. नुकतंच लग्न झालेलं होतं, बायकोला तिसऱ्या मजल्यावरची खोली घेऊन दिली होती आणि तिला जिने चढायला लागू नयेत म्हणून मला आणलं होतं. माझ्या कडीला त्याने बंदरावरची गाठ मारली, जी ओल्या गाठोड्यांनाही सुटत नाही. बायकोचं नाव तफीदा. शेजारपाजारचे तिला सित्त तफीदा म्हणत, म्हणजे आपल्या तोंडी तफीदाबाई.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. सकाळी गरम पाव, दुपारी मुळुखियाच्या पाल्याची जुडी, कधी मासे, कधी विसरलेली किल्ली. गल्लीतल्या दुसऱ्या बायका आपापल्या टोपल्यांना नावं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तफीदाची टोपली बघा, कधी आपटत नाही की सांडत नाही." पुढे प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्या, लाल, हिरव्या. तफीदाने एक विकतही आणली. शहाताने ती शेजारणीला देऊन टाकली. मला ते फार आवडलं होतं.

आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, शौकतचं औषधांचं दुकान. औषधं विकणाऱ्यालाही आमच्याकडे डॉक्टर म्हणतात, तेव्हा तो डॉक्टर शौकत. पांढरा कोट, अंगाला अत्तर आणि जिभेवर मध. तफीदाच्या डोकेदुखीच्या गोळ्या तो स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवायचा आणि वर बघून हात छातीला लावायचा. त्या हाताचा मला आता इतका राग आहे, की काय सांगू.

शहाताच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला, पाय सुजले, तेव्हा रक्त तपासलं. 'सी' निघाला. आमच्या देशात कुणाला 'सी' आहे म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. यकृत पोखरणारा विषाणू आहे तो. शहाता आणि तफीदा एकाच खेड्यातले. लहानपणी नाईलच्या पाण्यातल्या किड्यांवरचं इंजेक्शन म्हणून साऱ्या पोरांना रांगेत उभं केलं होतं आणि एकाच सुईने सगळ्यांना टोचलं होतं. किडे गेले आणि हा आला.

पण मित्रांनो, यावर औषध निघालं होतं. तीन महिने गोळ्या खायच्या की विषाणू अंगातून जातो. ते परदेशी खोक्यात मिळायचं, आणि तेच औषध आमच्या देशातले कारखानेही बनवू लागले होते, परदेशी खोक्यापुढे अगदी किरकोळ भावात. सरकारी केंद्रातसुद्धा देशीच द्यायचे.

त्या दिवशी मी शौकतच्या दारात टेकलेली होते. शहाता आत उभा होता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात बोलत.

"डॉक्टर, सरकारी केंद्रात नाव घालावं म्हणतो. देशी गोळ्या देतात म्हणे."

"घाला की, अम्म शहाता," शौकत म्हणाला. अम्म म्हणजे काका. गोड बोलताना तो सगळ्यांना काका करायचा. "घरात पीठ असलेलं बरंच. पाव तरी भाजता येईल."

"पीठ? कसलं पीठ?"

"देशी गोळी म्हणजे दुसरं काय असतं? पीठ, खडू आणि वरून रंग. तो परदेशी कंपनीवाला काय वेडा आहे, एवढी किंमत लावायला? बाकी जीव तुमचा. मी कोण सांगणारा!"

आमच्या लोकांची एक जुनी खोड आहे. खोक्यावर परदेशी अक्षरं दिसली की आम्ही ते डोळ्यांना लावतो, आणि आपल्या कारखान्यात बनलं म्हटलं की नाक मुरडतो. शौकतला ती खोड पुरती ठाऊक होती. परदेशी खोक्यामागे त्याच्या खिशात भरपूर पडायचं, देशीमागे काहीच नाही. शहाताने केंद्रात नाव घातलं नाही.

पहिल्या महिन्याचं खोकं तफीदाच्या बांगड्यांवर आलं. दुसऱ्या महिन्याचं आलं ते सईदमधल्या खजुराच्या झाडांवर, तिच्या बापाने दिलेल्या. तिसऱ्या महिन्याला विकण्यासारखं घरात काही राहिलं नाही. औषध अर्ध्यावर सुटलं, आणि दबलेला विषाणू पुन्हा उसळला. शहाताचं पोट पाण्याने भरलं. बंदरावर दोन माणसांचं ओझं उचलणारा तो माणूस शेवटी पाण्याचा पेलाही उचलू शकत नव्हता. रमजानच्या आधी तो गेला.

तीन दिवस घरात सांत्वनाला लोक आले. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने साखरेचं पुडकं आणलं. सगळ्यांत मोठं पुडकं शौकतने आणलं. डोळे पुसत म्हणाला, "सित्त तफीदा, आपल्या हातात जेवढं होतं तेवढं आपण केलं." तफीदाने त्याला कॉफी दिली. सांगताना आजही माझी पात ताठ होते.

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहायला आली. ग्रीसहून. नाव इव्हान्थिया. पण तिचा जन्म अलेक्झांड्रियाचाच होता. बाप इथे पावाची भट्टी चालवायचा आणि ती लहान असताना सगळं कुटुंब निघून गेलं होतं. आमची गल्लीची भाषा ती गल्लीसारखीच बोलायची, शिव्यांसकट. तिलाही 'सी' होता. तिच्या देशात डॉक्टर म्हणाले, औषध फार महाग आहे, ज्यांचं यकृत पार गेलंय त्यांनाच आधी देतो, तुम्ही आणखी आजारी झालात की या. ती तिथून उठली ती थेट आमच्याकडे आली, आमचं देशी औषध घ्यायला.

ती शौकतच्या दुकानात गेली तेव्हा मी दारातच होते. तफीदाने डोकेदुखीच्या गोळ्या मागवल्या होत्या.

"देशी हवंय," इव्हान्थिया म्हणाली. "पण खरं सांगा हं. फरक काही नाही ना?"

शौकतने मागच्या कपाटाच्या तळातून खोकं काढलं. दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला काय सांगायचं, मॅडम? औषध तेच. माझ्या सख्ख्या भावाला हेच दिलं. ठणठणीत आहे."

मग त्याने माझ्यात डोकेदुखीच्या गोळ्या ठेवल्या, वर बघितलं आणि हात छातीला लावला.

मी वर जाताना, मित्रांनो, माझ्या अंगाची आग होत होती. मला तोंड असतं तर मी तिथेच किंचाळले असते. पण माझं काम तोंडाशिवायच झालं. चार दिवसांनी तफीदा दोर ओढत होती आणि इव्हान्थिया खालच्या सज्जात कपडे वाळत घालत होती. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या.

"अहो वरच्या, मी इतक्या लांबून आले ती कशासाठी माहितेय? या गोळ्यांसाठी."

"आमच्या गोळ्यांसाठी?" तफीदा हसली. "बाई गं, ते तर पीठ असतं."

"पीठ? कोण म्हणतं?"

"खालचा डॉक्टर."

"खालच्यानेच तर दिल्या मला! म्हणाला, औषध तेच, सख्ख्या भावाला दिलं." असं म्हणून इव्हान्थियाने मला मध्येच थांबवलं आणि आपलं खोकं माझ्यात टाकलं. "बघा तरी."

तफीदाला वाचता येत नव्हतं. तिने कोनाड्यातून शहाताचं शेवटचं परदेशी खोकं काढलं, माझ्यात ठेवलं आणि मला खाली सोडलं. इव्हान्थियाने दोन्ही खोकी शेजारी शेजारी धरली. वरची मोठी नावं वेगळी होती. खालच्या बारीक ओळीत औषधाचं नाव होतं ते एकच.

तिने ती ओळ वर ओरडून वाचून दाखवली. मग तफीदा इतकंच म्हणाली, "म्हणजे माझा माणूस मेला नाही. मारला."

सईदच्या माणसांचा एक दंडक आहे. खून झालेल्या माणसाच्या घरच्यांनी सूड उगवल्याशिवाय सांत्वन स्वीकारायचं नाही. आणि तफीदा तर ते स्वीकारून बसली होती, खुन्याच्या हातून साखरही घेतली होती. तिने कपाट उघडलं. जी पुडकी अजून शिल्लक होती ती काढली, सरली होती ती नवी मागवली, आणि सकाळपासून मला खाली सोडायला सुरुवात केली. प्रत्येक घराचं पुडकं त्या घराला परत. गल्लीत कुणी असं काही पाहिलं नव्हतं.

समोरच्या इस्त्रीवाल्या बयूमीने माझ्यातलं पुडकं उचललं आणि वर बघून ओरडला, "सित्त तफीदा, हे काय? आमच्या साखरेला मुंग्या लागल्या का?"

"जपून ठेव, बयूमी! माझं सांत्वन अजून व्हायचंय. आधी सूड!"

"कोणाचा?"

"ज्याचं पुडकं सगळ्यांत मोठं होतं त्याचा!"

सगळ्यांच्या माना दुकानाकडे वळल्या. शौकतचं पुडकं तिने शेवटी पाठवलं, आणि मी त्याच्या दारात अशी आपटले की पुडकं फुटून साखर उंबऱ्यावर पसरली. आयुष्यात मी पहिल्यांदा आपटले. दोर सैल सोडला तिने, पण मनापासून आपटले मी.

शौकत हसून लोकांना म्हणाला, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. देशी गोळ्यांनी बरं झालेलं कुणी दाखवा मला."

हे तफीदाने ऐकलं. ती इव्हान्थियाला घेऊन सरकारी केंद्रात गेली आणि आपलं रक्त तपासून घेतलं. तिलाही 'सी' होता. लहानपणची ती सुई तिलाही टोचली होतीच. तिथल्या डॉक्टरांनी देशी गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांच्या, आणि सांगितलं की नंतर आणखी तीन महिने थांबून रक्त पुन्हा बघायचं. आता सगळा खेळ तिच्या यकृतावर येऊन ठेपला. ती बरी झाली तर शौकत खोटा. ती मेली तर पीठ खरं, आणि शहाता फुकट गेला.

रोज संध्याकाळच्या अजाननंतर ती सज्जात उभी राहायची, गोळी चिमटीत धरून साऱ्या गल्लीला दाखवायची आणि ओरडायची, "बघून घ्या रे, तफीदा पीठ खातेय!" मग पाण्याचा मोठा घोट. देशी गोळ्यांचं रिकामं खोकं ती माझ्यात ठेवायची आणि मला शौकतच्या दारात, बरोबर गिऱ्हाइकाच्या नाकासमोर लोंबकळत ठेवायची. आत शिरणाऱ्याला मला बाजूला सारूनच शिरावं लागे. "हे काय?" तो विचारायचा. वरून उत्तर यायचं, "डॉक्टरांना विचारा! भावाला काय दिलं तेही विचारा!" शौकतच्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या की बघत राहावं.

एकदा त्याने कात्री आणली आणि दोर कापला. मी गटारात पडले. त्याने मला टाचेने तुडवलं, माझं बूड फाटलं. तफीदा जिने उतरून आली, सुजलेल्या पायांनी, मला उचललं, तारेने शिवलं आणि दोराला गाठ मारली. त्याने पुन्हा कापला. तिने पुन्हा गाठ मारली. दर गाठीला दोर आखूड होत गेला आणि मी लोकांच्या डोक्याच्या वर राहू लागले. तेव्हा इव्हान्थियाने आपली कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि तुकडा जोडून दिला. "माझे कपडे राहू देत ओले," ती म्हणाली. "याचं तोंड कोरडं पडलेलं बघायचंय मला."

वाऱ्याने मी हलू नये म्हणून तफीदा माझ्यात पितळी खलबत्ता ठेवायची. एका दुपारी शौकत नेमका माझ्याखाली उभा होता, टक्कल चमकत होतं. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, मी दोर तुटावा म्हणून जीव तोडून जोर लावला. पण कडीला शहाताची गाठ होती. ती कसली सुटते! मेलेल्या माणसाने आपल्याच खुन्याचं डोकं वाचवलं आणि मी रागाने नुसती गरगरत राहिले.

गल्ली मात्र अजून कुंपणावर होती. बयूमीच्या आईलाही 'सी' होता आणि तो शौकतकडून परदेशी खोकी आणत होता, दोन माणसांचं काम रात्रंदिवस एकट्याने करून. शौकत त्याला म्हणायचा, "थांब थोडा. तिच्या सांत्वनाला आपण जोडीने जाऊ." मधल्या काळात तफीदाला चक्कर येऊन ती सज्जातच बसली, तेव्हा शौकत दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावरची ती आशा मी जवळून पाहिली आहे. तफीदाने कठड्याला धरून स्वतःला उभं केलं. "उपास आहे माझा, डॉक्टर! मेले नाही!"

गोळ्या संपल्या. थांबायचे महिनेही संपले. ती रक्त देऊन आली आणि दोन दिवसांनी निकाल ऐकून परतली, इव्हान्थियाच्या हाताला धरून. विषाणू नव्हता. तफीदा स्वच्छ निघाली. इव्हान्थियाही.

तफीदा वर गेलीच नाही. ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि बयूमीला म्हणाली, "आईला उद्या केंद्रात घेऊन जा. पीठ खायला."  गरम इस्त्री तशीच हातात घेऊन बयूमी शौकतच्या दारात गेला. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. बयूमीने मारलं नाही. तो फक्त विचारत होता, "माझी आई दिसायची ना तुम्हाला रोज? समोरच बसते ना ती?" आणि शौकत काउंटरमागे मागे मागे सरकत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात एकही टोपली उतरली नाही. पुढच्या चौकातल्या दुकानाचा माणूस सायकलवरून यायचा, शौकतच्या डोळ्यांदेखत टोपल्यांत औषधं ठेवायचा आणि टोपल्या वर जायच्या. लाल, हिरव्या, प्लॅस्टिकच्या, सगळ्या. माझं त्यांच्याशी कधी पटलं नव्हतं, पण त्या आठवड्यात त्या मला बहिणी वाटल्या.

अखेर मशिदीतले वडीलधारे जिने चढून आले. शौकतने त्यांना मध्ये घातलं होतं. म्हणाले, तो मेंढा कापून गल्ली जेवू घालेल, आयुष्यभर तुम्हाला औषधं फुकट देईल.

"मेंढा त्याचा त्याला लखलाभ," तफीदा म्हणाली. "शुक्रवारी नमाजानंतर त्याने माझ्या सज्जाखाली उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने खरं बोलायचं. तेवढंच."

शुक्रवारी गल्ली गच्च भरली होती. मी त्याच्या कानाशी लोंबकळत होते. शौकत मान खाली घालून पुटपुटला, "देशी गोळी... परदेशी गोळी... औषध एकच."

"मोठ्याने, डॉक्टर!" वरून आवाज आला. "तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत नाही!"

"औषध एकच आहे!"

"आणि?"

"आणि ते मला माहीत होतं!"

"आणि तुमच्या खोट्याने कुणाला मारलं?"

त्याने वर बघितलं. घाम कोटात मुरला होता. "शहाताला," तो म्हणाला, आणि हे मात्र शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

त्याच संध्याकाळी गल्लीत खुर्च्या मांडल्या गेल्या, कुराण वाचणारा आला, बिनसाखरेची कॉफी उकळली. तफीदाने शहातासाठीचं सांत्वन आता स्वीकारलं. एकेक जण वर येई आणि आमच्याकडे म्हणतात तसं म्हणे, "त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." रांगेच्या शेवटी शौकतही आला. वडीलधाऱ्यांनी आणलं होतं त्याला. त्यानेही तेच शब्द म्हटले.

"लाभलंय, डॉक्टर," तफीदा म्हणाली. "तुमच्याच मागच्या कपाटात होतं ते."

त्याला तिने कॉफी दिली नाही. दुकान त्याने पुढे विकलं. लोक म्हणतात, आता तरी सोडून दे. तफीदानेही सोडलंय म्हणे. मी सोडलेलं नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच ऐका. देशोदेशी अजून अशी मागची कपाटं आहेत. औषधाचं खोकं हातात आलं की त्यावरच्या मोठ्या नावाला भुलू नका, खालची बारीक ओळ वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा. आणि हेच औषध स्वस्तात मिळतं का, हे दुकानात उभं राहून विचारा, चार लोकांत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. लाजू नका. शहाताने हा प्रश्न हळू आवाजात विचारला होता.